पुलावरची खुर्ची

ग्राबोविकच्या नळाला पिवळं पाणी येतंय हे सगळ्यांत आधी कळलं ते माझ्या बायकोच्या, रुझाच्या पार्लरमध्ये. दोब्रिला नावाची तिची जुनी गिऱ्हाईक केस सोनेरी करून घ्यायला आली होती आणि धुऊन आरशात बघते तर डोकं शेवाळलेलं.

"रुझा, मी काय बेडूक आहे का गं?" ती ओरडली.

रुझानं बादलीभर पाणी काढून खिडकीशी नेलं. तळाला गाळ बसला होता. तिनं तिथूनच आपल्या भावाला फोन लावला. भाऊ म्हणजे व्लास्ता, आमच्या गावाचा नगराध्यक्ष. तो म्हणाला, पाइप बदलतायत, आठवड्यात होईल नीट. तेव्हा बाहेर बर्फ होतं. प्लमच्या झाडांना फुलं येऊन गळली तरी पाणी तसंच. पाण्याच्या नव्या प्लांटचं उद्घाटन मात्र दोनदा झालं, दोन्ही वेळा बँड लावून. पाणी पिण्यालायक आहे असं नगरपालिका सांगत राहिली आणि नगरपालिकेतली माणसं दुकानातून बाटल्यांचे गठ्ठे घरी नेत राहिली.

त्याच सुमाराला राजधानी बेलग्रेडला, निशला, सगळीकडे पोरं रस्त्यावर होती. निवडणूक घ्या, एवढंच मागत होती. आमच्या गावातली जी पोरं कॉलेजला बाहेर होती ती सुट्टीला आली आणि त्यांनी चौकात उभं राहायला सुरुवात केली. त्यांच्याबरोबर शाळेतले फिजिक्सचे मास्तर मिलुतिन, हातात भोंगा घेऊन. मिलुतिन स्वभावानं इतके सौम्य की भोंग्यातूनही "कृपया" म्हणायचे. मी रोज बाकावर बसून बघायचो. फर्निचरच्या कारखान्यात उभा जन्म काढून पेन्शनीत निघालेला माणूस मी. मला वाटायचं, चार दिवस ओरडतील आणि जातील.

मग मे महिन्यात सेंट जॉर्जचा दिवस आला. हा संत म्हणजे रुझाच्या माहेरचं कुलदैवत. त्या दिवशी व्लास्ताकडे स्लावा असते. सगळा गोतावळा जेवायला, पाद्री येऊन भाकरीवर वाइन ओतणार, मेणबत्ती दिवसभर जळणार. स्लावाला बोलावणं नसतं, ज्याला यायचं तो येतो. रुझा तर घरचीच. ती नेहमी केक घेऊन जायची. त्या वर्षी तिनं काचेची बाटली घेतली.

"त्यात काय आहे?" मी विचारलं.

"आहेर," ती म्हणाली.

टेबलाभोवती वीसेक माणसं होती. पक्षाचे लोक, ठेकेदार, बँकेचे साहेब. शिजवलेल्या गव्हाचा चमचा प्रत्येकानं तोंडात टाकला, भाजलेलं कोकरू आलं, राकियाचे, म्हणजे प्लमच्या दारूचे, पेले भरले. रुझानं बाटली उघडली आणि भावासमोरच्या रिकाम्या पेल्यात ते पिवळं पाणी ओतलं.

"घे. नळाचंच आहे."

व्लास्ता हसला. तो हसरा माणूस. गावात कुणाचं लग्न, कुणाचं मयत त्यानं चुकवलेलं नाही. "ताई, सणासुदीला वाइन आणायची. हे काय?"

"तू म्हणतोस ना पिण्यालायक आहे? पी."

"ताई, पाहुणे आहेत."

"पाहुण्यांनाही देते. बाटली मोठी आहे."

व्लास्ताची बायको मेणबत्ती नीट करायच्या निमित्तानं उठली. व्लास्ता वाकून हळूच म्हणाला, "घरातल्या गोष्टी घरात बोलू. उद्या ये ऑफिसात."

"ऑफिसात चार वेळा आले. तू मीटिंगमध्ये होतास. आता ऐक. तुझ्याच्यानं होत नाही हे. त्यात लाज नाही. पण मग राजीनामा द्या सगळे आणि निवडणूक घ्या. लोकांना परत विचारा."

"निवडणुकीला अजून दोन वर्षं आहेत."

"दोन वर्षं मी डोकी कशानं धुऊ? राकियानं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं, बहुतेक ठेकेदारच. व्लास्ताचं तोंड लाल झालं. "तिहोमिर," तो मला म्हणाला, "हिला घरी घेऊन जा."

इतक्या वर्षांत रुझाला कुठून कुठं घेऊन जाणं मला कधी जमलेलं नाही. तीच उठली, मेणबत्तीपुढं क्रूसाची खूण केली आणि निघाली. मी कोकराकडे एकदा बघून तिच्या मागं गेलो.

दुसऱ्या दिवशी ती चौकात पोरांच्यात जाऊन उभी राहिली. नगराध्यक्षाची सख्खी बहीण! बातमी बेकरीत पोचायच्या आधी बाजारात पोचली. तिच्यामागून तिची गिऱ्हाइकं आली, गिऱ्हाइकांमागून त्यांचे नवरे. चौक पुरेना, तेव्हा पोरांनी पूल धरला. आमच्या गावाचे दोन भाग, मध्ये नदी आणि येण्याजाण्याला हा एकच पूल. दुपारभर पूल बंद ठेवायचा, अँब्युलन्सला वाट द्यायची, बाकी कुणाला नाही. "निवडणूक घ्या!" हे इतकं ओरडायचो की पलीकडल्या डोंगरावरून ते परत ऐकू यायचं.

आठवड्याभरात पार्लरमध्ये नगरपालिकेचा आरोग्य इन्स्पेक्टर आला. ओळखीचाच माणूस, त्याच्या लग्नात नवरीचे केस रुझानंच केले होते. बिचारा दारात घुटमळत होता.

"रुझामावशी, सील करावं लागतंय. वरून ऑर्डर आहे."

"कारण काय?"

त्यानं खाली बघत सांगितलं, "पाणी. आरोग्याला अपायकारक पाणी वापरता म्हणून."

रुझानं हातातला कंगवा खाली ठेवला. "काय म्हणालास? परत म्हण."

"अपायकारक पाणी."

"मोठ्यानं म्हण रे. दारात उभा राहून म्हण. दोब्रिला, ऐकलंस का? नगरपालिका म्हणते पाणी अपायकारक आहे!"

रस्त्यावरची माणसं थांबली. पहिल्यांदा दोब्रिला हसली, मग सगळेच हसायला लागले. शेवटी इन्स्पेक्टरलाही हसू आवरेना. पण हसतहसतच त्यानं दाराला पट्टी चिकटवली.

मला वाटलं आता घरी येऊन ही रडेल. ती आली आणि म्हणाली, "तिहोमिर, तुझ्या बहिणीच्या गावच्या झऱ्याचं पाणी स्वच्छ आहे ना?"

"आहे. का?"

"कॅन भरून आण. आणि मागच्या दारानं माझी खुर्ची काढ. सील पुढच्या दाराला आहे."

ती खुर्ची म्हणजे साधी नव्हे. लोखंडी बुडाची, पायानं दाबून वर-खाली होणारी. मी आणि मिलुतिन मास्तरांनी ती हातगाडीवर घातली आणि पुलाच्या मधोमध नेऊन उभी केली. मास्तर म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या हे रस्त्यावरचं अतिक्रमण आहे." आणि मग खुर्ची हलू नये म्हणून बुडाखाली स्वतःच पाचर ठोकली.

पहिलं गिऱ्हाईक दोब्रिला. रुझानं तिच्या गळ्याशी टॉवेल बांधला, झऱ्याच्या पाण्यानं डोकं भिजवलं आणि भर रस्त्यात कात्री चालवायला लागली. खाली नदी, दोन्ही बाजूंना माणसं, मागं अडकलेले ट्रक. एक ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि उतरून म्हणाला, "बाई, किती वेळ?"

"तुझी दाढीही करून देते. बस रांगेत."

तो बसला की! नोवी पझारला लाकूड पोचवायचं सोडून.

मग रोजचंच झालं. बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून पुलावर यायच्या. कुणी चीज भरलेला गरम बुरेक आणायचं, कुणी कॉफीची किटली. माझं काम पाणी वाहायचं. रुझानं कधी भाषण केलं नाही, पण खुर्चीत जो बसेल त्याला विचारायची, "तुझा नगरसेवक कोण? त्याला शेवटचं कधी विचारलंस?" माणूस खुर्चीत असतो, गळ्याशी वस्तरा असतो, उत्तर देतोच.

एक दिवस पोलीस आले. सगळ्यांत पुढं लाझार, दोब्रिलाचा मुलगा, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आणि खुर्चीत कोण? त्याची आई. डोक्याला चंदेरी कागदाच्या घड्या, साही दिसत होती.

"आई, उठ," तो दबक्या आवाजात म्हणाला. "खुर्ची उचलायची आहे."

"रंग मुरतोय."

"आई, साहेब बघतायत."

"बघू दे की. साहेबांच्या बायकोचाही इथंच लावलाय, परवा. आत्ता उठले तर परत बेडूक होईन मी. तू भरून देणार आहेस का?"

लोक इतके हसले की लाझारचे कान तांबडे झाले. तो साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, रंग मुरतोय." साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. त्या दिवशी खुर्ची तिथंच राहिली.

माणसाला चिडवलं तर तो पेटतो, पण त्याला हसलं तर जास्त पेटतो. ती हसण्याची बातमी फोनाफोनावरून बेलग्रेडपर्यंत गेली. व्लास्तानं मला एकट्याला कॉफीला बोलावलं. तो खंगलेला दिसला.

"तिहोमिर, तिला सांग, बास कर. माझ्या हातातून जातंय सगळं. वरचे मला रोज विचारतात, एका बाईला आवरता येत नाही?"

"राजीनामा दे मग."

"देऊ देत नाहीत. आज एक गाव सोडलं तर उद्या दहा गावं मागतील, म्हणतात." त्यानं कपातला गाळ ढवळला. "ते माणसं पाठवतील. माझी नाहीत, बाहेरची. म्हणून सांगतोय."

मी घरी येऊन रुझाला सगळं सांगितलं. ती टॉवेल वाळत घालत होती. "म्हणजे त्याला माहितीय," ती म्हणाली. "माहिती असून तो कॉफी पितोय."

"उद्या नको जाऊस."

"तू नको येऊस, भीती वाटत असेल तर. खरंच. मी रागावणार नाही."

मला भीती वाटत होती. मी गेलो, कारण पाणी कोण वाहणार?

ते रविवारी आले, चर्चमधून लोक पुलावर आल्यावर लगेच. नंबरप्लेट नसलेल्या दोन व्हॅन. काळ्या टोप्या, अर्धे चेहरे झाकलेले, हातात दंडुके. कुणाशी बोलले नाहीत, काही विचारलं नाही. पहिल्यांदा कॅन फोडले, मग मिलुतिन मास्तरांचा भोंगा, मग मास्तरांना. पोरांनी कोंडाळं करून म्हाताऱ्या माणसांना कठड्याशी घेतलं. मला कुणीतरी ढकललं आणि मी सांडलेल्या पाण्यात पडलो. तिथून मला दिसलं, एक जण खुर्चीकडे गेला. खुर्चीत व्हेरा नावाची आमची म्हातारी शेजारीण होती, अर्धेच केस कापलेली. त्यानं दंडुका उगारला तो खुर्चीवर की तिच्यावर, देव जाणे. रुझानं मध्ये हात घातला.

तो आवाज मी इतक्या गोंगाटातही ऐकला.

पोलीस पुलाच्या टोकाला रांगेत उभे होते, साहेबांचा हात वर, कुणी हलायचं नाही. लाझार रांग सोडून निघाला. साहेब ओरडले, "लाझार! ऑर्डर नाही!" तो धावत आला आणि रुझा आणि त्या माणसाच्या मध्ये ढाल धरून उभा राहिला. त्याच्या खांद्यावर दोन दंडुके बसले. मग रांगेतले आणखी तिघं-चौघं आले. गावही आलं. दोन्ही काठांवरून, एप्रन बांधलेले, चर्चच्या कपड्यातले, हातात झाडू घेतलेले. त्या काळ्या टोप्यांना एवढ्या माणसांची सवय नव्हती. व्हॅनपर्यंत त्या पळत गेल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, मनगट तुटलंय आणि बोटांच्या शिरा दुखावल्यात. उजवा हात. रुझानं एवढंच विचारलं, "कात्री?" डॉक्टर म्हणाले, बघू. त्या 'बघू'चा अर्थ आम्हा दोघांना कळला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिच्या पायातले ओले मोजे काढून रेडिएटरवर टाकले.

संध्याकाळ व्हायच्या आधी व्लास्ता आला. एकटाच, ड्रायव्हर बाहेर ठेवून. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

"ताई, शपथ घेऊन सांगतो, मी नाही पाठवलं त्यांना."

"माहितीय."

"मी तिहोमिरला आधी सांगितलं होतं."

"त्याला सांगितलंस. त्या पोलिसांच्या साहेबाला का नाही सांगितलंस? रेडिओवर का नाही सांगितलंस? गावात ओरडून का नाही सांगितलंस, की माझ्या गावातल्या माणसांना मारायला येतायत?" तिचा आवाज वाढला नव्हता. "तू वाईट नाहीस, व्लास्ता. वाईट असतास तर सोपं झालं असतं. तू नुसता खुर्चीला चिकटून बसलायस आणि समोर काय होईल ते होऊ देतोस."

"मी काय करू सांग."

"मी मे महिन्यातच सांगितलं."

तो तिच्या प्लास्टरकडे बघून निघून गेला. त्यानं राजीनामा दिला नाही. मी मनात आशा धरली होती, म्हणून सांगतो. नाही दिला.

मग आम्ही नगरसेवकांकडे वळलो. निम्म्याहून जास्त नगरसेवकांनी राजीनामे दिले की कोरम मोडतो, नगरपालिका बरखास्त होते आणि निवडणूक घ्यावीच लागते. मास्तरांनी डोक्याला पट्टी बांधल्याबांधल्या हे पोरांना समजावलं. दुसऱ्या दिवसापासून रोज एका नगरसेवकाच्या फाटकापुढं अख्खं गाव. घोषणा नाही, शिव्या नाहीत. नुसतं उभं राहायचं. सगळ्यांत पुढं रुझा, गळ्यात हात अडकवलेला. फाटकातून बाहेर येताना प्रत्येकाला तो हात दिसायचा.

पहिला राजीनामा बेकरीवाल्याचा. "माझा ब्रेड कुणी घेत नाही," तो म्हणाला, "पण त्यासाठी नाही देत. माझ्या आईनं मला घरात घेणं बंद केलंय." दुसरी शाळेतली कारकून. तिसरा, चौथा. एकानं मागच्या कुंपणावरून पळायचा प्रयत्न केला, तर तिथं दोब्रिला कॉफी घेऊन उभी. "दमलास का? घे." तो कुंपणावर बसूनच हो म्हणाला.

ऑगस्टच्या शेवटच्या सभेला हॉलमध्ये व्लास्ता आणि त्याच्याशी इमान राखलेले थोडके उरले. कोरम भरला नाही. व्लास्तानं स्वतः उठून ते वाचून दाखवलं, माइक बंद केला आणि पायऱ्यांवर आला. खाली सगळं गाव होतं. कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी टाळी वाजवली नाही. गर्दी दुभंगली आणि तो त्यातून चालत घरी गेला. रुझा त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं तर म्हणाली, धूळ.

निवडणूक ऑक्टोबरात झाली. व्लास्ताच्या पक्षानं जमेल ते सगळं केलं. घरोघरी पीठ-तेलाची पाकिटं वाटली, म्हाताऱ्यांना पेन्शन बंद होईल म्हणून घाबरवलं, बाहेरून बस भरून माणसं आणली. रुझा व्हेराला म्हणाली, "तेल घे. चांगलं असतं तळायला. मत तुझं तू दे." पोरं प्रत्येक पेटीजवळ दोन-दोन बसली, डबे खाल्ले, जागची हलली नाहीत. मोजणी झाली तेव्हा मिलुतिन मास्तरांची यादी, म्हणजे आमच्या बाजूचे उमेदवार, एका जागेनं पुढं होती. एका! आम्हाला वाटलं होतं सगळं गाव आपल्याबरोबर आहे. तसं नव्हतं. पण एक जागा म्हणजे एक जागा. पुलावर त्या दिवशी ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, नाच, सगळं झालं आणि ट्रकवाल्यांनी आपखुशीनं हॉर्न वाजवले.

रुझाच्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. कात्री धरता येत नाही. पार्लर तिनं भाड्यानं दिलं आणि भाडेकरणीच्या मागं उभी राहून रोज तिचं डोकं खाते.

नव्या नगरपालिकेची पहिली सभा नोव्हेंबरात ठेवली. आम्ही गेलो, चांगले कपडे घालून. दारावरचा शिपाई म्हणाला, हॉल लहान आहे, प्रेक्षकांना प्रवेश नाही. मास्तर, म्हणजे आता नगराध्यक्ष, गडबडीनं बाहेर आले.

"रुझाताई, माफ करा हं. पहिल्याच सभेला गोंधळ नको म्हणून. तुम्ही तर आपल्याच आहात. मी सगळं घरी येऊन सांगतो, कृपया."

"मी कुणाची नाही, मास्तर," ती म्हणाली. "हॉल लहान असेल तर सभा बाहेर घ्या."

"बाहेर? थंडी आहे."

"आम्ही उभेच आहोत की थंडीत."

मास्तरांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही काही फार नव्हतो, पन्नास-साठ माणसं असू. पण कुणी जागचं हलत नव्हतं आणि मागून आणखी येत होती. मास्तर आत गेले. जरा वेळानं दाराचे दोन्ही पल्ले उघडले आणि नगरसेवक एकेक करून कोट चढवत अंगणात यायला लागले. त्यांच्यात व्लास्ताही होता, आता विरोधी बाकावरचा. टेबल शेवटी आलं. ते दारात अडकलं, तेव्हा मी आणि लाझारनं पुढं होऊन ते आडवं करून बाहेर काढलं.

मास्तरांनी घसा खाकरला आणि विषयपत्रिका वाचायला घेतली. "मोठ्यानं," रुझा मागून म्हणाली, "शेवटपर्यंत ऐकू येत नाहीये."